कळ दाबल्यानंतरचा पाऊण सेकंद

१/
डिसेंबर १९७५. अमेरिकेतील रॉचेस्टर शहर, कोडॅक कंपनीची प्रयोगशाळा. स्टीव्हन सॅसन नावाचा पंचविशीतला अभियंता आपल्या एका सहकारी तरुणीवर एक विचित्र पेटी रोखतो. पेटी टोस्टरएवढी, वजन सुमारे साडेतीन किलो. आत सुपर-८ चित्रपट कॅमेऱ्याचे भिंग, सोळा बॅटऱ्या, बाजूला कॅसेट आणि मध्यभागी १०० गुणिले १०० बिंदूंचा एक सीसीडी संवेदक. प्रकाश टिपण्यास त्या पेटीला सेकंदाचा विसावा भाग पुरला. तेच चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास मात्र २३ सेकंद लागले.

२/
डिजिटल छायाचित्रणाचा इतिहास सांगताना या पेटीच्या १०,००० बिंदूंचा उल्लेख सर्वत्र होतो. मला मात्र तिची दोन घड्याळे अधिक महत्त्वाची वाटतात. एक प्रकाशाचे घड्याळ, एक यंत्राचे. पहिले जन्मापासूनच वेगवान होते. दुसऱ्याने पुढील तीस वर्षे सामान्य माणसाला किती छळले, याचा इतिहास आजच्या धाग्यात पाहू.

३/
१९९८ ते २००६ या काळात ज्यांच्या हाती डिजिटल कॅमेरा होता, त्यांना हा छळ वेगळा सांगावा लागणार नाही. बाळ हसले, आपण कळ दाबली, कॅमेऱ्याने भिंग पुढेमागे केले, काही क्षण विचार केला आणि मग ‘खटॅक’ असा खोटा आवाज काढला. चित्रात बाळाची पाठ. कळ पूर्ण दाबल्यापासून संवेदक प्रकाश टिपू लागेपर्यंतच्या या अंतराला ‘शटर लॅग’ म्हणतात. त्याची सख्खी बहीण म्हणजे एका चित्रानंतर दुसऱ्या चित्रासाठी तयार होण्यास लागणारा वेळ. या दोघींनी मिळून एका पिढीच्या कौटुंबिक चित्रसंग्रहाला जी भोके पाडली, ती आजही तशीच आहेत.

४/
थोडे मागे जाऊ. छायाचित्रणाच्या आरंभी अडचण प्रकाशाच्याच घड्याळाची होती. १८३८ मध्ये दागेरने पॅरिसच्या बुलव्हार द्यु ताँप्ल या गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले. प्रकाशन काही मिनिटांचे. तेवढ्या वेळात रस्त्यावरून गेलेली माणसे, घोडे, गाड्या पाटीवर उमटल्याच नाहीत. बूट पुसून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक गृहस्थ तेवढा उरला. पुढच्या चाळीस वर्षांत रसायने सुधारली, प्रकाशन सेकंदाच्या सूक्ष्म भागावर आले, आणि मग पहिल्यांदाच लक्षात आले की आता मनुष्याचा हात मागे पडतो आहे. डोळ्याला दिसल्यापासून बोट हलेपर्यंत सेकंदाचा चौथा-पाचवा भाग सहज निघून जातो. दौडणारा घोडा तेवढ्यात काही मीटर पुढे गेलेला असतो.

५/
एडवर्ड मायब्रिजने जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे यावर जो तोडगा काढला, तो या धाग्याच्या शेवटापर्यंत ध्यानात ठेवावा. त्याने धावपट्टीच्या कडेने १२ कॅमेरे मांडले आणि त्यांच्या पडद्यांना जोडलेले धागे घोड्याच्या वाटेत ताणले. घोड्याने धागा तोडला की विद्युत मंडल पूर्ण होऊन पडदा उघडे. कळ दाबण्याचे काम माणसाकडून काढून घेऊन त्याने ते घोड्यालाच देऊन टाकले.

६/
विसाव्या शतकाने ते काम पुन्हा माणसाच्या हाती सोपवले, कारण आता हातातील यंत्र हाताइतकेच आज्ञाधारक झाले होते. लायका कॅमेऱ्यात बोट दाबताच स्प्रिंग सुटे आणि कापडी पडदा धावू लागे. पुढच्या एम मालिकेतील लायकांचा हा विलंब सेकंदाच्या सुमारे साठाव्या भागाएवढा होता, म्हणजे आपल्या मज्जातंतूंच्या संथपणापुढे जवळजवळ शून्यच. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२ मध्ये सेंट-लाझार स्थानकामागे डबक्यावरून उडी मारणारा माणूस टिपला, तोही लायकावर. १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक इंग्रजीत ज्या शीर्षकाने आले, त्यामुळे ‘निर्णायक क्षण’ हा शब्दप्रयोग जगभर रूढ झाला. त्या कल्पनेमागे एक न बोललेले गृहीतक होते: बोट आणि चित्र यांच्या मध्ये कोणी नाही.

७/
आरसा असलेल्या एसएलआर कॅमेऱ्यांनी त्या मध्यात थोडी गर्दी केली, कारण पडदा उघडण्याआधी आरसा वर उचलावा लागे. तेवढ्या विलंबाचीही व्यावसायिकांना खंत होती. कॅनॉनने १९८९ मध्ये ईओएस आरटी हा कॅमेरा काढला. त्यात न हलणारा अर्धपारदर्शक आरसा बसवून विलंब ०.००८ सेकंदावर आणला होता. फिल्मच्या युगाने या प्रश्नाचा कुठवर पाठलाग केला होता, हे यावरून कळावे.

८/
एक अवांतर. भारतात बनणारा आग्फा क्लिक-थ्री पुष्कळांच्या आजोबांच्या कपाटात सापडेल. साधे भिंग, एकच स्प्रिंगवाला पडदा, एका रिळात बारा चित्रे. त्यात फोकस जुळवायचा नसे, प्रकाश मोजायचा नसे, म्हणून विचार करण्यात वेळही जात नसे. खटका खाली, चित्र आत. चाळीस वर्षांनंतर त्याच घरात आलेल्या, कितीतरी पट महाग डिजिटल कॅमेऱ्यापेक्षा तो कळ दाबण्याच्या बाबतीत अधिक तत्पर होता. प्रगती सर्व दिशांनी एकाच वेळी होत नाही, याचे इतके घरगुती उदाहरण दुसरे मला तरी माहीत नाही.

९/
ग्राहकांसाठीचा डिजिटल कॅमेरा अवतरला तो नव्वदच्या दशकात. ॲपलचा क्विकटेक १०० (१९९४) घ्या: किंमत ७४९ डॉलर, ६४० गुणिले ४८० बिंदूंची अवघी आठ चित्रे मावत, आणि घेतलेले चित्र पाहण्यासाठी पडदा नाही. १९९५ मध्ये कॅसिओचा क्यूव्ही-१० बाजारात आला. त्याची चित्रे याहूनही बारीक, ३२० गुणिले २४० बिंदूंची. पण पाठीमागे १.८ इंचांचा रंगीत एलसीडी पडदा होता. छोट्या खिडकीला डोळा लावण्याऐवजी हात लांब करून पडद्यावर पाहत चित्र घ्यायचे, ही आजची सार्वत्रिक मुद्रा त्या कॅमेऱ्याने लोकप्रिय केली.

१०/
आपल्या कथेतील खरे वळण हा पडदा आहे. फिल्मच्या कॅमेऱ्यात कळ दाबेपर्यंत फिल्म अंधारात झोपलेली असे. पडद्याच्या कॅमेऱ्यात संवेदकाला कधीच झोप नाही. पडद्यावर जिवंत दृश्य दाखवण्यासाठी तो अखंड राबत असतो. कळ दाबली जाते तेव्हा तो रिकामा नसतो. आधी हातातले काम टाकायचे, मग नवे घ्यायचे. सरकारी कार्यालयातील खिडकीवर उभे राहण्याचा अनुभव असलेल्यांना पुढचे वर्णन परिचित वाटेल.

११/
पहिले काम फोकसचे. या छोट्या कॅमेऱ्यांत फोकस जोखणारा वेगळा डोळा बहुधा नसे. चित्र घेणारा संवेदकच ते काम करी. भिंग थोडे सरके, संवेदकावरील चित्र वाचले जाई, त्यातील कडा किती ठसठशीत आहेत हे मोजले जाई, मग भिंग आणखी थोडे सरके. कडा सर्वाधिक ठसठशीत कुठे होत्या, हे कळण्यासाठी ती जागा ओलांडून पुढे जावेच लागे. डोंगरमाथा मागे पडून उतार लागेपर्यंत तो माथा होता हे आंधळ्या वाटसरूला कळत नाही, तसे. मग भिंग परत मागे. हिशेब करून पाहा: संवेदक सेकंदाला ३० चित्रे वाचत असेल आणि भिंगाने अशी २० पावले टाकली, तर नुसत्या फोकसलाच दोनतृतीयांश सेकंद गेला. दिवाणखान्यातील मंद प्रकाशात कडाच अंधूक. मग भिंग दोन-दोनदा येरझाऱ्या घाली.

१२/
दुसरे काम प्रकाशाचे: किती प्रकाशन, पांढरा रंग नेमका कोणता, फ्लॅश हवा का. फ्लॅश हवा असेल तर तो आधी एकदा चाचणीपुरता चमके. डोळे लाल दिसू नयेत म्हणून बाहुल्या आकसवण्यासाठी आणखी एक-दोनदा चमके. इथे घरोघरी एकच नाट्य घडत असे. पहिली चमक झाली की काका-मामा ‘झाला फोटो’ म्हणून मोकळे होत, उठत, पाणी प्यायला वळत. आणि खरा फोटो तेव्हा निघे.

१३/
तिसरे काम खुद्द संवेदकाचे. पडद्यावरचे दृश्य थांबवायचे, साठलेला विद्युतभार निचरून टाकायचा, मग प्रकाश टिपायचा, मग यांत्रिक पडदा बंद करून अंधारात तो सारा भार ओळीओळीने वाचायचा. पडद्यावर आपण जे पाहून कळ दाबली, ते दृश्यही किंचित शिळे असते, कारण संवेदकाकडून पडद्यापर्यंत पोहोचण्यास त्याला काही वेळ लागतो. म्हणजे आधी भूतकाळ पाहून निर्णय घ्यायचा, मग भविष्यकाळाचे चित्र मिळवायचे. मधला वर्तमान मात्र हुकला. या सर्वांची बेरीज अर्ध्या सेकंदापासून सेकंदाच्याही पुढे जाई. मी शीर्षकात पाऊण सेकंद म्हटले आहे, ते मध्यम मान धरून.

१४/
आणि चित्र मिळाल्यावरही सुटका नाही. संवेदकाचा प्रत्येक बिंदू एकच रंग पाहतो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून गणिताने काढावे लागतात. मग जेपेग पद्धतीने आकुंचन, मग कार्डावर लेखन. सोनीचा मॅव्हिका एफडी-७ (१९९७) तर साध्या साडेतीन इंची फ्लॉपीवर चित्रे साठवी. फ्लॉपी कुठल्याही संगणकात घालता येत असल्याने तो अफाट खपला. पण फ्लॉपीची लेखनगती ती फ्लॉपीचीच: प्रत्येक चित्रानंतर कित्येक सेकंद कुरकुर ऐकत बसावे लागे.

१५/
खोक्यावर मात्र ‘मेगापिक्सेल’ मोठ्या अक्षरांत छापलेले असत. विलंबाचा आकडा क्वचितच. जो छापला जाई तोही अनेकदा फोकस आधीच जुळवून ठेवल्यानंतरचा. म्हणून १९९८ मध्ये सुरू झालेल्या दोन परीक्षणस्थळांचे, फिल ॲस्की यांच्या डीपीरिव्ह्यूचे आणि डेव्ह एचेल्स यांच्या इमेजिंग रिसोर्सचे, ऋण मानावे लागते. त्यांनी कॅमेऱ्यांचा वेळ स्वतः मोजून तक्त्यांत मांडण्यास आरंभ केला. फोकससह किती, फोकसविना किती, दोन चित्रांमध्ये किती. वस्तूचा एक गुण केवळ मोजला जाऊ लागल्यानेच बाजारात दखलपात्र होतो, याचा हा नमुना.

१६/
जाणकार मंडळी सल्ला देत: कळ अर्धी दाबून ठेवा. अर्ध्या कळीवर फोकस आणि प्रकाश यांचे काम आटपे. मग उरलेली अर्धी दाबताच चित्र सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास मिळे. सल्ला अचूक होता. पण अर्धी कळ दाबून वाट पाहायची तर काय घडणार, कुठे घडणार, हे आधीच ठाऊक हवे. लग्नात अंतरपाट दूर होणार हे ठाऊक असते. भटजींचा शेवटचा ‘सावधान’ ऐकून बोट तयार ठेवता येते. अंतरपाट दूर झाल्यावर नवरीच्या चेहऱ्यावरून काय सरकून जाईल, ते कोणाला ठाऊक असते?

१७/
माझे निरीक्षण असे की या वर्षांतील घरगुती डिजिटल चित्रांत माणसे पुन्हा ताठ उभी राहिलेली दिसतात. एकोणिसाव्या शतकात मानेमागे आधार लावून बसवत, कारण पाटी मंद होती. २००२ मध्ये ‘हलू नका, अजून निघायचाय’ म्हणत, कारण यंत्र मंद होते. दोन्ही वेळी हसू गोठलेले. फिल्मच्या अल्बममधील धावती, वाकडी, तोंडात घास असलेली माणसे मधल्या काही वर्षांपुरती कमी झाली.

१८/
उत्पादक हातावर हात ठेवून बसले नव्हते. कॅसिओने २००२ मध्ये एक्झिलिम ईएक्स-एस१ काढला. जेमतेम १२ मिलिमीटर जाड, आणि विलंब ०.०१ सेकंद. गुपित सोपे होते: फोकस कायमचा बांधलेला. क्लिक-थ्रीचेच शहाणपण नव्या अंगरख्यात! रिकोने आपल्या कॅप्लिओ मालिकेत अंतर जोखण्यासाठी भिंगाबाहेर वेगळा संवेदक बसवून फोकसचा शोध पुष्कळ आखूड केला. पैसे असलेल्यांसाठी तिसरी वाट होती. कॅनॉनने ऑगस्ट २००३ मध्ये ईओएस ३००डी हा डिजिटल एसएलआर ८९९ डॉलरला जाहीर केला. सेकंदाला अडीच चित्रे, सलग चारच. व्यावसायिकांच्या निकॉन डी-१ने १९९९ मध्येच साडेचार गाठली होती. तरी लोकांनी ३००डीवर उड्या टाकल्या. पत्रके सहा मेगापिक्सेलचे गुणगान करीत. माझ्या समजुतीप्रमाणे अनेक आईवडिलांनी पैसे मोजले ते कळ दाबताच चित्र निघावे म्हणून.

१९/
मात्र रोगाचे मूळ ज्यात होते, त्यातूनच अखेरचा उपाय निघाला. संवेदक अखंड राबतो, दृश्य सतत वाचतो आणि दाखवून झाले की फेकून देतो. ते फेकलेच नाही तर? २००० साली ऑलिंपसच्या ई-१००आरएस या कॅमेऱ्याने हे करून दाखवले. तो सेकंदाला १५ चित्रे घेई आणि अर्धी कळ दाबलेली असताना गुपचूप चित्रे घेत राही. कळ पूर्ण दाबली की दाबण्याआधीची पाच चित्रेही हाती देई. चित्र केवळ दीड मेगापिक्सेलचे आणि बाजाराला भूक मेगापिक्सेलची. कॅमेरा फारसा कोणाच्या स्मरणात राहिला नाही. २००८ मध्ये कॅसिओच्या ईएक्स-एफ१ने तीच कल्पना ६ मेगापिक्सेलवर, सेकंदाला ६० चित्रांच्या वेगाने राबवली.

२०/
ही रचना समजण्यासाठी विहिरीवरचा रहाट डोळ्यांसमोर आणा. गाडग्यांची माळ फिरते आहे. प्रत्येक गाडगे भरते, वर येते, रिते होते, पुन्हा खाली जाते. कॅमेऱ्याच्या स्मृतीत अशीच ठरावीक गाडगी असतात आणि त्यांत ताजी चित्रे भरत राहतात. नवे आले की सर्वांत जुने ओतले जाते. कळ दाबणे म्हणजे रहाट थांबवणे. पाणी कधीच भरलेले असते, कोणते गाडगे उचलायचे एवढाच प्रश्न उरतो.

२१/
हा रहाट खिशात आला तो दूरध्वनीतून. ऑक्टोबर २०११ मध्ये गूगल आणि सॅमसंग यांनी गॅलेक्सी नेक्सस सादर करताना ‘शून्य शटर लॅग’ असा उद्घोष केला. २०१५ च्या आयफोन ६एसमधील लाइव्ह फोटो कळीच्या आधीचे आणि नंतरचे दीड-दीड सेकंद जपून ठेवू लागले. २०१६ च्या गूगल पिक्सेलमध्ये कळ दाबण्यापूर्वी घेतलेल्या अनेक चित्रांना एकत्र विणून एकच चित्र तयार होऊ लागले. आपण बोट टेकवतो तेव्हा त्या चित्राचा कच्चा माल आधीच गोळा झालेला असतो. २०२३ मध्ये सोनीने जाहीर केलेला ए-९ थ्री सेकंदाला १२० चित्रे घेतो आणि कळीच्या एक सेकंद आधीपर्यंत मागे जाऊ शकतो. मज्जातंतूंचा तो चौथा-पाचवा भागही त्यात भरून निघतो. डोळ्याला दिसले, बोट उशिरा हलले, तरी चित्र वेळेवरचे.

२२/
मायब्रिजचा घोडा इथे आठवावा. माणसाच्या हातून काढून घेतलेली कळ दीडशे वर्षांत पुन्हा एकदा त्याच्या हातून निसटली आहे, या वेळी धागा न तुटता. कार्तिए-ब्रेसाँ यांचे चित्र त्यांच्या बोटाचे होते. आज गाडगे निवडताना डोळे मिटलेले चित्र बाजूला सारणे, हललेले टाकणे, हे पुष्कळदा यंत्राच्या नियमांनुसार घडते. क्षण माझा आहे म्हणताना मी फक्त ‘इथेच कुठेतरी’ एवढे बोट दाखवले, हे छायाचित्रकाराला मान्य करावे लागेल. तरीही मला तक्रार करवत नाही. ज्यांनी तो पाऊण सेकंद भोगला आहे, त्यांना गेलेल्या अधिकारापेक्षा परत आलेले हसू मोलाचे वाटणार.

२३/
इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र साधने वाचताना हा फरक ध्यानात घ्यावा लागेल. चित्राच्या फायलीत वेळेची नोंद बहुधा सेकंदापर्यंतच असते, त्यामुळे विलंब तिथे दिसत नाही. तो चित्रातच शोधावा लागतो. माझ्याकडे २००३ सालच्या एका वाढदिवसाची अकरा चित्रे आहेत. एकातही मेणबत्ती पेटलेली नाही. केकवर वाती काळ्या पडलेल्या, धुराच्या पाच बारीक रेषा वर चाललेल्या, मुलाची मान आधीच आईकडे वळलेली आणि मागे टाळ्यांसाठी एकत्र आलेले हात पुन्हा अलग झालेले.